नोकरी गेली त्या हिवाळ्यात मी शोप्का बांधली

सप्टेंबरच्या शेवटी माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा कॉल, अख्ख्या टीमचं अकाउंट्सचं काम दुसऱ्या देशात हलवलंय एवढं सांगितलं, लॅपटॉप कुरियरने कुठे पाठवायचा त्याचा मेल आला आणि झालं. नवऱ्याची नोकरी चालू होती म्हणून गाशा गुंडाळून कोल्हापूर गाठायची वेळ आली नाही. पण पोलंडच्या क्राकोवमधला नोव्हेंबर ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये, दुपारी चारला अंधार पडतो आणि घरी बसलेल्या माणसाला तो जरा जास्तच पडतो. सकाळी अर्ज पाठवायचे, लेकीला शाळेतून आणायचं, परत अर्ज.

हे आधी सांगून टाकते कारण सगळे विचारतात की शोप्का बांधायचं हे पोलिश लोकांचं नाताळचं खूळ तुला कुठून लागलं. तर असं लागलं, हात रिकामे होते म्हणून.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक आजोबा राहतात, ट्राम डेपोतले रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. मला ते 'पानी' म्हणतात. पोलिशमध्ये पानी म्हणजे बाई, मॅडम, पण इथे नवीन होते तेव्हा लिफ्टमध्ये कुणी 'पानी' म्हटलं की मला वाटायचं तहान लागलीये बिचाऱ्याला. तर दिवाळी झाली, लेकीच्या शाळेतल्या पोरी घरी येऊन गेल्या, आणि मी चॉकलेटच्या रॅपर्सची मोठी पिशवी खाली कचऱ्यात टाकायला गेले. आजोबा तिथे पुठ्ठे लावत होते. त्यांनी पिशवीत डोकावलं आणि थेट हात घातला. "पानी, ही चांदी फेकून देताय तुम्ही?"

चांदी म्हणजे चॉकलेटचा चमकी कागद. इथे त्याला स्रेबेर्को म्हणतात, शब्दशः चांदुली म्हणा हवं तर. त्यांनी पिशवीच घरात नेली, मागोमाग मीही गेले, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी उघडून दाखवली. पानापानात चपट्या केलेल्या चांद्या, लाल, निळ्या, हिरव्या, सोनेरी, रंगाप्रमाणे लावलेल्या. काही त्यांच्या आईने जमवलेल्या. म्हणाले, आमच्या लहानपणी चॉकलेट क्वचित मिळायचं, त्यामुळे खाल्लेलं विसरायचो पण चांदी जपायचो.

आपल्याकडे याला बेगड म्हणतात आणि 'बेगडी' ही आपण शिवी करून ठेवलीये. इथे मात्र याच बेगडावर अख्खी परंपरा उभी आहे.

शोप्का म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण क्राकोवच्या बाहेरच्या माणसाला फोटो बघून काही कळत नाही. शब्दाचा अर्थ छोटी शेड, झोपडं, म्हणजे येशू जन्मला तो गोठा. पण क्राकोवची शोप्का बघितली तर गोठा कुठेच नाही, समोर असतो मनोरे, घुमट, खिडक्या, झेंडे असलेला चमचमता राजवाडा आणि त्यात कुठेतरी वरच्या मजल्यावर मारिया, योसेफ आणि बाळ. माझी वसईची एक मैत्रीण आहे इथे, तिला पहिल्यांदा दाखवली तर म्हणाली, "अगं आमच्याकडे नाताळचा गोठा करतात तो गवताचा, फळ्यांचा, खरोखर गोठा दिसतो. ही तर बाळाला पॅलेसमध्ये घेऊन गेलेत!" बरोबरच आहे तिचं. फक्त हा राजवाडा बेथलेहेमचा नाही, क्राकोवचा आहे. मनोरे मारियाच्या चर्चचे, सोनेरी घुमट वावेल टेकडीवरच्या झिग्मुंट चॅपलचा, खालचे कठडे आणि कमानी मेन चौकातल्या सुकेन्नित्सेच्या, म्हणजे जुन्या कापडबाजाराच्या. येशू जन्मला तर आमच्याच गावात जन्मला, असा सरळ हिशोब.

आणि हे सुरू केलं गवंड्यांनी. ही गोष्ट आजोबांनी पहिल्याच दिवशी सांगितली आणि मी तिथेच अडकले. एकोणिसाव्या शतकात शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये, क्रोवोद्जा, झ्व्येझिन्येत्स वगैरे, गवंडी, कौलं बसवणारे, बांधकाम मजूर राहायचे. थंडीत बांधकाम बंद, गारठ्यात चुना-गिलावा बसत नाही, मग कमाई काय? तर हे लोक शोप्का बांधायचे. मोठ्या शोप्केच्या खालच्या भागात कळसूत्री बाहुल्यांसारखा छोटा रंगमंच असायचा, ती घेऊन घरोघर जायचे, गाणी म्हणायचे, बाळ येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाचं मुंडकं उडवायचा खेळ दाखवायचे आणि पैसे मिळवायचे. छोट्या शोप्का चौकात विकायला ठेवायचे, लोक पोराबाळांसाठी घेऊन जायचे. मिखाव एझेनेकिएर नावाचा क्रोवोद्जाचा एक गवंडी होता, त्याने १८९० च्या दशकात मुलाच्या मदतीने जी शोप्का बांधली ती आता इथल्या एथ्नोग्राफिक म्युझियमच्या संग्रहात आहे आणि पुढच्या सगळ्या शोप्कांची ती आईच मानतात.

मी म्हटलं, म्हणजे ही बेकारांची कला. आजोबा म्हणाले, "सिझनल बेकारांची. पानी, तुमचाही सिझन आहे समजा."

आता स्पर्धेचं. शोप्कांची दरवर्षी स्पर्धा असते, डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी, चौकातल्या कवी मित्स्क्येविचच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर. पहिली १९३७ मध्ये झाली, येझी दोब्झित्स्की नावाच्या माणसाने ही मरत चाललेली कला जगवायला सुरू केली, मग महायुद्धात खंड पडला आणि १९४५ मध्ये लगेच परत. जर्मन गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात लोक पुठ्ठे कापायला बसले होते म्हणजे बघा. २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत हे गेलं, पोलंडकडून त्या यादीत गेलेली ही पहिलीच गोष्ट. पण त्या पिशवीच्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं, मी एवढंच विचारलं की मला भाग घेता येईल का. आजोबा हसले. कॅलेंडर बघितलं. चोवीस दिवस होते. म्हणाले, माझी तर गेल्या जानेवारीपासून चालू आहे. १२० सेंटीमीटरच्या वरची ती मोठी, ती विसरा. १५ सेंटीमीटरच्या आतली मिनिएचर, ती तर अजिबातच विसरा, त्याला घड्याळजीचे हात लागतात. लहान गटातली करा, अर्ध्या मीटरच्या आत.

त्यांची स्वतःची शोप्का बाजूच्या खोलीत चादरीखाली झाकलेली होती. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी ती मला दाखवली नाही. सगळे शोप्काश असेच असतात म्हणे. शोप्का करणारा तो शोप्काश.

पहिले तीन दिवस मी वाया घालवले आणि कसे ते सांगायलाच पाहिजे. मी मारियाच्या चर्चचे फोटो काढून आणले, नेटवरून प्लॅन काढला, आणि हुबेहूब मॉडेल करायला घेतलं. त्या चर्चचे दोन मनोरे सारखे नाहीत, एक साधारण ८० मीटरचा आणि दुसरा ६९, उंचवाल्याच्या डोक्यावर टोकदार कळस, भोवती छोट्या मनोऱ्यांचं कडं आणि १६६६ सालचा सोनेरी मुकुट. दोन भावांनी बांधले, एकाने दुसऱ्याला मारलं अशी दंतकथा आहे, तो सुरा सुकेन्नित्सेच्या कमानीत टांगलेला दाखवतात. मी मोठ्या अभिमानाने एक उंच आणि एक बुटका मनोरा कापून खाली घेऊन गेले. आजोबांनी चष्मा वर केला. "हे काय आहे?" मारियाचं चर्च. "चर्च तर चौकात आहेच. फुकट बघायला मिळतं."

मग समजावलं. शोप्का म्हणजे एखाद्या इमारतीची नक्कल नव्हे, ती कधीच नसलेली इमारत असते, पण क्राकोवच्या माणसाने बघितली की त्याला वाटलं पाहिजे मी हिच्यासमोरून रोज जातो. एक घुमट इथला, मनोरे तिथले, कठडा तिसरीकडचा. आणि डावी-उजवी बाजू सारखी, म्हणून बऱ्याच शोप्कांमध्ये उंच मनोराच दोन्हीकडे लावतात, बुटक्याला कोणी विचारत नाही. म्हणजे त्या खून झालेल्या भावाला इथे न्याय मिळाला म्हणायचं. परीक्षक मार्क देताना वास्तुरचना बघतात, परंपरा बघतात, नवीन काय केलंय ते बघतात, बाहुल्या, हलणारे भाग, रंग, सजावट सगळं. हुबेहूब नकलेला त्यात जागाच नाही.

दुसरी चूक अजून बाळबोध. मी बाळाची गव्हाण तळमजल्यावर मधोमध ठेवली होती, आपल्या मखरात गणपती ठेवतात तशी. आजोबांनी नुसतं बोट वर केलं. वर. पहिल्या मजल्यावर. खाली रंगमंच असायचा ना, तिथे हेरोद, सैतान, हातात कोयता घेतलेला मृत्यू, शहरातली माणसं नाचायची. देव वर आणि तमाशा खाली. गंमत म्हणजे पोलिशमध्ये 'शोप्का करू नको' याचा अर्थ आपल्या 'तमाशा करू नको' सारखाच होतो. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग तू काय नोकरी सोडून तमाशा करतेयस का. सोडली नाही आई, गेली.

तर सांगाडा. मला वाटायचं चांदी चिकटवणं हेच काम, प्रत्यक्षात चोवीसपैकी अकरा दिवस मी एकही चांदी चिकटवली नाही. खाली प्लायवूडचा तुकडा. त्यावर पुठ्ठ्याच्या भिंती, कोपऱ्यात आतून लाकडी पट्ट्या. मनोऱ्यासाठी पुठ्ठ्याला आठ घड्या पाडायच्या, पण घडी पाडायच्या आधी कटरने वरवर नुसता ओरखडा मारायचा म्हणजे कड धारदार येते. हे मला चौथ्या मनोऱ्याला जमलं, आधीचे तीन चुरमडलेल्या सिगरेटी दिसत होते. खिडक्या सगळ्या सांगाडा सपाट असतानाच कापायच्या, उभा केल्यावर आत हात जात नाही. मग खिडकीच्या मागून रंगीत पारदर्शक कागद, म्हणजे आतला दिवा लागला की रंगीत काच वाटते. पूर्वी आत मेणबत्ती लावायचे, आता एलईडी. वायरिंग करताना आजोबांचा चेहरा बघायला हवा होता, आयुष्यभर ट्रामच्या वायरी जोडलेला माणूस, माझ्या तीन दिव्यांच्या वायरीला त्यांनी स्लीव्ह घातली.

गोंद पांढरा, इथे त्याला विकोल म्हणतात. मी फेव्हिकॉल म्हटल्यावर ते म्हणाले हा तुमचा चुलतभाऊ दिसतोय.

आणि ओळंबा! हे मला सगळ्यात आवडलं. मनोरा उभा करताना आजोबांनी दोऱ्याला एक नट बांधला आणि मनोऱ्याच्या शेजारी धरला. आमच्या कोल्हापूरच्या घराच्या वरचा मजला चढवताना गवंडी असाच ओळंबा सोडून एक डोळा मिटून बघायचा आणि माझे बाबा मागे उभे राहून आपणही एक डोळा मिटायचे, काही कळत नसताना. पन्नास सेंटीमीटरच्या पुठ्ठ्याच्या इमारतीला ओळंबा. तेव्हा मला खरं कळलं की ही गवंड्यांची गोष्ट आहे. इतके दिवस मी क्राफ्टचा तास चालू असल्यासारखी वागत होते.

तरीपण माझा डावा मनोरा वाकलाच. झालं असं की घाई म्हणून मी एका बाजूला भरपूर गोंद फासून कागद चिकटवला आणि रात्री हीटरजवळ ठेवून दिला. पुठ्ठ्याची एक बाजू ओली झाली की तो फुगतो आणि वाळताना त्या बाजूला ओढला जातो, म्हणून दोन्ही बाजूंनी कागद लावायचा असतो म्हणजे ओढ सारखी बसते. सकाळी बघते तर मनोरा नमस्कार करतोय. रडायला आलं खरं सांगते. त्याच दिवशी एका इंटरव्ह्यूचा नकार पण आला होता, त्यामुळे मी मनोऱ्यासाठी रडले की कशासाठी ते आता नाही सांगता यायचं. आजोबांनी मनोरा फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, काळजी नको, हा मारियाचा नाहीच, हा टाऊन हॉलचा आहे. चौकातला टाऊन हॉलचा उंच बुरूज खरोखर कललेला आहे, १७०३ च्या वादळानंतर, माथ्याला ५५ सेंटीमीटर. मग म्हणाले, आता हा तोडा आणि नवीन करा.

केला.

बाराव्या दिवशी चांदी सुरू. आधी सपाट करायची, नखाच्या पाठीने, मधून कडेकडे. चमच्याने पण होते पण नखाला सुरकुती कळते, चमच्याला कळत नाही. गोंद अगदी पातळ, ब्रशने ओढून जवळजवळ पुसून टाकायचा, नाहीतर खाली फुगे राहतात आणि चांदीतून हवा जात नाही म्हणून ते वाळतच नाहीत. कडांना किनार हवी तर पट्टीच्या बारीक बारीक चुण्या पाडायच्या, हार्मोनियमच्या भात्यासारख्या, आणि ती झालर कमानीभोवती लावायची. पट्टी पिळली की दोर होतो, तो दोन रंगांमधल्या सांध्यावर, सांधा झाकला जातो. खांबांना टूथपिक, कळसाला मणी आणि टाचणी. बॉलपेनच्या बोथट टोकाने उलट्या बाजूने रेघा ओढल्या की नक्षी उठते. पहिल्या दिवशी मी सगळं सोनेरी केलं, तर आजोबा म्हणाले सगळंच सोनं असलं तर सोनं दिसणार कुठे? लाल, निळं, हिरवं लावा, सोनं घुमटाला ठेवा.

घुमट. वावेलवरच्या झिग्मुंट चॅपलचा, १५१९ ते १५३३ मध्ये बर्तोलोमेओ बेरेच्ची या इटालियनाने बांधलेला, बाहेरून सोन्याच्या खवल्यांचा. माझा घुमट प्लॅस्टिकच्या बॉलचा अर्धा, त्यावर खवले लावायचे होते. दोन तास कात्रीने कापून माझे चाळीस खवले झाले. लेक शेजारी बसून गृहपाठ करत होती, तिने माझ्याकडे बघितलं, दप्तरातून ऑफिसवाला पंच काढला, सोनेरी चांदी कागदावर चिकटवली आणि कटाकट पाडायला सुरुवात केली. पाच मिनिटांत ढीग. गोल टिकल्या, खालून वर एकावर एक चढवत गेलं की खवले. मला वाटलं आजोबा नाक मुरडणार, परंपरा वगैरे. ते म्हणाले, "गवंड्याला पंच मिळाला असता तर त्याने कात्री धरली असती का?" आणि पंच दोन दिवसांसाठी मागून नेला, चादरीखालच्या खोलीत.

बाहुल्यांनी मात्र माझा जीव घेतला. पवित्र कुटुंब झालं, दोन सेंटीमीटरचे, मणी आणि कापड. बाळ येशूला बघायला आलेले तीन राजे झाले, त्यातल्या एकाला मी माझ्या ब्लाऊजपीसच्या काठाचा झगा केला, आजोबांनी विचारलं हे काय कापड, मी म्हटलं आमच्याकडचं, ते म्हणाले ठीकच आहे की, पूर्वेकडूनच आले होते ना ते. पण शोप्का म्हटली की नुसते राजे पुरत नाहीत, क्राकोवची माणसं हवीत. लाल चौकोनी टोपीवर मोरपीस लावलेला क्राकोव्ह्याक, मनोऱ्यातला बिगुलवाला, कोंबड्यावर बसून चंद्रावर गेलेला जादूगार पान त्वार्दोव्स्की, वावेलचा ड्रॅगन, आणि लायकोनिक. लायकोनिक म्हणजे तातार सरदाराच्या वेशातला, कमरेभोवती लाकडी घोडा बांधून नाचणारा दाढीवाला. हा उन्हाळ्यात खरोखर झ्व्येझिन्येत्सपासून चौकापर्यंत नाचत येतो आणि काठीचा फटका बसला की नशीब उघडतं म्हणतात. मी गेल्या जूनमध्ये फटका खाल्ला होता. सप्टेंबरमध्ये काय झालं ते वर लिहिलंय.

माझा लायकोनिक घोड्यापेक्षा मोठा झाला. दिवाळीत बाल्कनीत लेकीने किल्ला केला होता, कुंड्यांची माती आणि नवऱ्याच्या फाटक्या जीन्सचा डोंगर, त्यात मावळा बुरुजाएवढा आणि वाघ दोघांपेक्षा मोठा. आपल्याकडे किल्ल्यात ते चालतं, उलट त्यातच मजा असते, महाराज सिंहासनावर बसले की खाली कोण कुठल्या मापाचा आहे हे बघतो कोण. शोप्केत चालत नाही. दारापेक्षा माणूस उंच दिसला की अख्खी इमारत खेळण्यातली वाटायला लागते. तीन लायकोनिक फुकट गेले, चौथा बरा. लेकीचं म्हणणं होतं बिगुलवाल्याच्या जागी मावळा ठेवू. खूप वाद झाला. ठेवला नाही, पण मागच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे एक आहे. आता लिहिलंच आहे तर असू दे.

मधेच एकदा आजोबांनी विचारलं तुमचं गाव कुठलं, म्हणजे मुंबईच्या जवळ का. मी कोल्हापूर म्हटलं तर ते थांबले. "वालिवाडे?" मी ब्रश खाली ठेवला. आमच्या घरापासून वळिवडे स्कूटरवर वीस मिनिटं. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेल्या पोलिश लोकांची तिथे छावणी होती, १९४३ ते १९४८, पाचेक हजार माणसं, जास्त करून बायका आणि मुलं. नंतर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि आता ते गांधीनगर, लग्नाचा बस्ता काढायला आपण जातो ते. आजोबांच्या डेपोतल्या एका सहकाऱ्याची आई त्या छावणीत वाढलेली, ती म्हणे म्हातारपणीसुद्धा आंब्यावरून भांडायची. मला शाळेत असताना वळिवडे म्हणजे फक्त रेल्वे स्टेशन माहीत होतं. त्या दिवशी आम्ही काम कमी केलं.

शेवटचा आठवडा आठवतच नाही नीट. ६ डिसेंबरला इथे मिकोवायकी असते, संत निकोलस मुलांना खाऊ देतो, लेकीला चॉकलेटं मिळाली आणि ती रात्री साडेदहाला झोपेतून उठून मला एक निळी चांदी देऊन गेली, तुला निळी कमी पडत होती ना म्हणून. पडत होतीच. मागच्या कमानीवर ती लागली.

गुरुवारी सकाळी बर्फ होता. मोठी शोप्का ट्रॉलीवरून, व्हॅनमधून येते, माझी मी फळांच्या खोक्यात घालून, वरून गरम कपड्यांचं गाठोडं बांधावं तशी शाल गुंडाळून ट्रामने नेली. आजोबांचा मुलगा व्हॅन घेऊन आला होता, मला म्हणाले चला, पण मी नको म्हटलं, त्यांची चादर अजून काढलेली नव्हती आणि मला ती पायऱ्यांवरच बघायची होती.

कवी मित्स्क्येविचच्या पुतळ्याला इथले लोक लाडाने आदाश म्हणतात, आदामचं आदाश, आपण एखाद्या आदिनाथला आद्या म्हणू तसं. आदाशच्या पायऱ्यांवर दहाच्या सुमाराला एकेक शोप्का येऊन बसायला लागली. भुरकट आकाश, पांढरा चौक, आणि त्यात हा सगळा लाल-हिरवा-सोनेरी चमचमाट. शाळेतली पोरं पुठ्ठ्याच्या शोप्का घेऊन बाईंच्या मागे रांगेत, दोन मीटरच्या शोप्केजवळ चौघेजण हात पसरून उभे, वारा आला की सगळे एकदम आपापल्या मनोऱ्याकडे झेपावणार. फुलवाल्या बायका, निळ्या गाड्यांवर ओब्वाझानेक विकणारे, हे कड्यासारखे पाव असतात, टीव्हीवाले. येणारा प्रत्येक जण वाकून वाकून बघतो आणि मत देतो. फुकट मत. माझ्या घुमटाकडे बघून एका काकांनी विचारलं टिकल्या कशाने पाडल्या, मी पंच म्हटलं तर ते शेजारच्याला कोपर मारून म्हणाले, बघ, मी तुला सांगत होतो.

आणि आजोबांची चादर निघाली. त्यांच्या शोप्केच्या तळमजल्यावरून एक निळी-पांढरी ट्राम गोल फिरत होती. आठ सेंटीमीटरची. खिडकीत ड्रायव्हर, वर पट्टी, पट्टीला वायर, वळणावर खरोखर बारीक ठिणगीसारखा दिवा चमकायचा. आणि मधल्या घुमटाला पंचने पाडलेल्या हजारभर टिकल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, ते दुसरीकडे बघत होते.

बारा वाजता मारियाच्या मनोऱ्यातून हेयनाव, म्हणजे बिगुलाची धून, वाजला. रोज दर तासाला वाजतो, चारी दिशांना, आणि सूर मधेच तुटतो. तातारांचा बाण बिगुलवाल्याच्या गळ्यात लागला तिथे तुटतो अशी गोष्ट. मी चार वर्षं तो ऑफिसमधून घाईत जाताना ऐकलेला. त्या दिवशी खाली पायऱ्यांवर सगळ्यांच्या हातात तोच मनोरा होता, कुणाचा वीतभर, कुणाचा पुरुषभर. त्यानंतर मिरवणूक, एकेक शोप्का लोकांसमोर दाखवत नेतात, नाव पुकारतात. माझं आडनाव त्यांनी जे काही उच्चारलं ते आडनाव नव्हतं, पण टाळ्या पडल्या. मग चौकातच असलेल्या क्शिश्तोफोरी वाड्यात, म्हणजे क्राकोव म्युझियममध्ये सगळ्या जमा करायच्या. फॉर्म भरला. व्यवसाय असा एक रकाना आपल्याकडे असतो तसा इथेही असेल म्हणून मी उगाच धडधडत होते. नव्हता.

रविवारी निकाल. मला काही मिळालं नाही, आणि मिळायला नकोच होतं, प्रदर्शनात बाकीच्यांच्या शोप्का शेजारी बघितल्यावर माझ्या चुण्या कुठे कुठे सुटल्यात ते मलाच दिसलं. मात्येय मोशेव या वास्तुविशारदाने अनेकदा पहिलं बक्षीस घेतलंय ते उगाच नाही, ही मंडळी उभारणीपासून वेगळाच विचार करतात. आजोबांना मिळालं, कितवं ते लिहू नको म्हणून सांगितलंय, शेजाऱ्यांत जळजळ होते म्हणे.

नोकरी जानेवारीत मिळाली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, अकाउंट्सच आहे.

हिवाळा सरता सरता म्युझियममधून शोप्का परत आणायला गेले. तेच फळांचं खोकं, तीच शाल, पण बर्फ नव्हता म्हणून मी वरून झाकली नाही. ट्रामला गर्दी, एका आजींनी मला बसायला जागा दिली, मला नाही खरं तर, खोक्याला दिली. मांडीवर खोकं घेऊन बसले. आजी उभ्या राहून दोन स्टॉप नुसत्या बघत होत्या, मग चष्मा बदलला, मग वाकल्या.

"मनोरे चांगलेत," म्हणाल्या. "घुमट जरा बुटका झालाय."

मी म्हटलं, हो, तीन मिलिमीटर.

"चार," आजी म्हणाल्या आणि पुढच्या स्टॉपला उतरल्या.